एकाच नावाची दोन कार्डे



शाळेच्या संगणक कक्षासाठी माजी विद्यार्थ्यांनी निधी जमवला आहे, हे आपण जाणताच. त्या निधीतून काय घ्यावे यावर गेल्या पालकसभेत बरीच चर्चा झाली. बहुतेकांचे मत असे पडले की आता टेबलावरचे अवजड संगणक नकोत, सरळ लॅपटॉप घ्यावेत. ते दिसायला सुटसुटीत असतात, सुट्टीत कपाटात कुलूपबंद करता येतात, वीज गेली तरी काही वेळ चालतात. या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. पण त्याच चर्चेत आणखी एक वाक्य आले आणि सर्वांनी माना डोलावल्या. "दोन्हींत ग्राफिक्स कार्ड तेच मिळतं, मग डेस्कटॉप कशाला?" हे ते वाक्य.

या लेखात आम्ही बोलणार आहोत ते या एका वाक्याबद्दल. नाव तेच मिळते, कार्ड तेच मिळतेच असे नाही. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या हातून झालेल्या एका चुकीतून आम्ही ते शिकलो आणि त्या चुकीची किंमत आमच्याच एका विद्यार्थ्याने मोजली. म्हणून आधी ती चूक कबूल करतो.

आमचा नववीतला एक मुलगा विज्ञान प्रदर्शनासाठी संगणकावर राजहंसगड उभा करीत होता. 'ब्लेंडर' नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात त्रिमिती चित्रे करता येतात. मुलाने तट, बुरूज, दरवाजा, पायऱ्या, झाडे सगळे मनापासून केले होते. कक्षात एका माजी विद्यार्थ्याने दिलेला एकच चांगला डेस्कटॉप आहे आणि त्यावर बसायला मुलांची रांग असते. मुलाचे वडील उद्यमबागेत लेथवर काम करतात. घरी अभ्यासाला यंत्र घ्यायचे त्यांनी ठरवले आणि कोणते घ्यावे म्हणून आम्हांला विचारले. आम्ही मोठ्या विश्वासाने चिठ्ठीवर लिहून दिले : 'आर.टी.एक्स. ४०६०, ८ जीबी'. शाळेच्या डेस्कटॉपमध्ये तेच कार्ड आहे ना! त्यांनी हप्त्यावर एक छानसा, पातळ लॅपटॉप घेतला. खोक्यावर चिठ्ठीतलीच अक्षरे होती.

आणि काम रखडू लागले. शाळेत मधल्या सुट्टीत पुरे होणारे चित्र घरी जेवणे आटोपली तरी चालूच. मुलगा आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्यालाच सांगितले की तुझ्या चित्रात काहीतरी जास्त झाले असेल, कमी कर. त्याने आधी झाडे काढली, मग तटाचे सुटे दगड काढले, शेवटी पायऱ्याही गुळगुळीत करून टाकल्या. प्रदर्शनात त्याचा गड ओकाबोका उभा राहिला. आपल्याला हे नीट जमत नाही, अशी त्या पोराची समजूत झाली. आमचीही झाली होती, हे लिहायला लाज वाटते.

प्रदर्शन संपल्यावर आम्ही लॅपटॉप शाळेत आणवला आणि पहिली, न काटलेली फाइल दोन्ही यंत्रांवर एकदम लावली. डेस्कटॉपचे चित्र पुरे झाले तरी लॅपटॉप पंखे फिरवीत बसला होता. मग आम्ही सेटिंगमध्ये शिरून पाहिले. त्या लॅपटॉपच्या कार्डाला मिळणारी वीज ४५ वॅटवर बांधलेली होती. शाळेतल्या कार्डाला ११५ वॅट मिळतात. मुलाच्या वडिलांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुमी सांगिटलंसा तेच घेटलो की, सर." त्यात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य आम्हांला अजून टोचते.

आता हे असे का होते ते पाहू. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. हलते चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढायचे म्हटले तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. एक हुशार माणूस एकेक ठिपका रंगवीत बसला तर पुरा पडणार नाही. पण मैदानात तीन हजार मुले बसवून प्रत्येकाला आपापला चौकोन रंगवायला दिला तर काम पटकन उरकते. ग्राफिक्स कार्ड हेच करते. आर.टी.एक्स. ४०६० मध्ये असे ३०७२ छोटे कामकरी असतात. इंग्रजीत त्यांना 'कोअर' म्हणतात. शाळेतल्या डेस्कटॉपमध्येही ३०७२ आणि त्या मुलाच्या लॅपटॉपमध्येही ३०७२. स्मरणशक्ती, म्हणजे मेमरी, दोन्हींत ८ जीबी. दोन्ही २०२३ सालची. इथपर्यंत आमची चिठ्ठी बरोबर होती.

पण कामकऱ्यांना भाकरी लागते आणि कार्डाची भाकरी म्हणजे वीज. डेस्कटॉपच्या या कार्डाला ११५ वॅट ठरलेले आहेत. लॅपटॉपच्या त्याच नावाच्या कार्डाला एनव्हिडिया कंपनीने ३५ ते ११५ वॅट अशी मुभा ठेवलेली आहे. त्या मर्यादेत किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. कारण दिलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती बाहेर काढायला जागा लागते. डेस्कटॉपच्या डब्यात कार्डाला स्वतःचे पंखे आणि भरपूर हवा असते. लॅपटॉपमध्ये बोटभर जाडीच्या पोटात मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून बहुधा एकाच थंड करणाऱ्या व्यवस्थेवर भागवतात. लॅपटॉप जितका पातळ, तितके वॅट सहसा कमी.

आपल्या भागातल्या पालकांना हे समजायला अवघड जाऊ नये. उद्यमबागेत आणि मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचा दिवस मशीनवर जातो, ते कोणतेही मशीन घेताना आधी मोटर किती एच.पी.ची हे विचारतात. विहिरीवर पंप बसवणारा शेतकरीही तेच विचारतो. पंपाच्या रंगावर आणि नावावर कोणी जात नाही. मग मुलासाठी पंपाहून महाग यंत्र घेताना आपण खोक्यावरचे नाव वाचून का थांबतो?

४०६० मध्ये निदान आतली वस्तू सारखी असते. वरच्या कार्डांत तीही सारखी नसते. आर.टी.एक्स. ४०७० डेस्कटॉपचे असेल तर ५८८८ कोअर, १२ जीबी मेमरी आणि २०० वॅट. त्याच नावाचे लॅपटॉपचे असेल तर ४६०८ कोअर, ८ जीबी आणि जास्तीत जास्त ११५ वॅट. आर.टी.एक्स. ४०९० चे पाहा. डेस्कटॉपला १६,३८४ कोअर, २४ जीबी, ४५० वॅट. लॅपटॉपला ९,७२८ कोअर, १६ जीबी आणि साधारण १५० वॅटपर्यंत. २०२५ साली आलेल्या ५०९० मध्येही तीच गोष्ट आहे : डेस्कटॉपला २१,७६० कोअर आणि ५७५ वॅट, लॅपटॉपला १०,४९६ कोअर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे कोणाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

हे नेहमीच असे नव्हते. २०१४ सालच्या सुमारास लॅपटॉपच्या कार्डापुढे 'एम' हे अक्षर लावीत. जी.टी.एक्स. ९८० डेस्कटॉपचे आणि ९८० एम लॅपटॉपचे. गिऱ्हाइकाला एका अक्षरावरून फरक कळे. २०१६ सालच्या १० मालिकेत लॅपटॉपची कार्डे डेस्कटॉपच्या खूपच जवळ आली. जी.टी.एक्स. १०८० चे कोअर तर दोन्हीकडे २५६० असेच होते. म्हणून 'एम' काढून टाकले आणि तेव्हा ते बऱ्याच अंशी योग्यही होते. पुढे पातळ लॅपटॉपांसाठी कमी विजेची कार्डे आली, मोठ्या कार्डांतले अंतर पुन्हा वाढत गेले, पण ते अक्षर काही परत आले नाही. कंपनीच्या कागदावर आजही पूर्ण नाव 'आर.टी.एक्स. ४०६० लॅपटॉप जीपीयू' असेच आहे. दुकानातल्या पाटीवर आणि जाहिरातीत शेवटचे दोन शब्द बहुतेक वेळा गळतात. ए.एम.डी. कंपनी मात्र आपल्या रेडिऑन ७००० मालिकेत लॅपटॉपच्या कार्डांना 'एम' किंवा 'एस' अक्षर लावते. ही पद्धत आम्हांला सरळ वाटते.

एवढे लिहिल्यावर लॅपटॉप म्हणजे फसवणूक, असा समज कोणी करून घेऊ नये. दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. अर्धी वीज दिली म्हणजे काम अर्धेच होते असे नाही. मोटारसायकल ताशी ५० वरून ८० वर नेली की पेट्रोल ज्या मानाने जास्त लागते, त्या मानाने घर लवकर येत नाही. कार्डाचेही असेच आहे. वेग वाढवायचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो आणि शेवटचा थोडासा वेग सर्वांत महाग पडतो. त्यामुळे कमी वॅटवर चालणारे लॅपटॉपचे कार्ड खाल्लेल्या प्रत्येक युनिटमागे बहुधा जास्तच काम देते. शिवाय ज्याच्या लॅपटॉपमध्ये ४०६० ला १०० वॅटच्या वर वीज मिळते आणि हवा नीट खेळते, त्याचे काम डेस्कटॉपच्या बरेच जवळ जाते. ते यंत्र जाड, जड आणि पंख्याचा आवाज करणारे असते, एवढेच.

नुसते कोअर मोजूनही भागत नाही. २०१९ सालच्या जी.टी.एक्स. १६५० मध्ये डेस्कटॉपच्या मूळ कार्डाला ८९६ कोअर होते आणि लॅपटॉपच्या कार्डाला १०२४. कागदावर लॅपटॉप वरचढ. पण डेस्कटॉपला ७५ वॅट आणि लॅपटॉपला साधारण ५०, त्यामुळे जास्त कोअर असूनही त्याला वरचढपणा मिरवता येत नसे. डेस्कटॉपची कार्डेही नावाच्या बाबतीत धुतल्या तांदळासारखी आहेत असे समजू नये. आर.टी.एक्स. ३०५० हे २०२२ साली ८ जीबी, २५६० कोअर आणि १३० वॅट असे आले. २०२४ साली त्याच नावाने ६ जीबी, २३०४ कोअर आणि ७० वॅटचे निघाले. तेव्हा शहाणपण एकच : नाव वाचावे, पण विश्वास आकड्यांवर ठेवावा.

काही पालक म्हणतील, हे सगळे खेळ खेळणाऱ्या पोरांचे कौतुक, शाळेला त्याचे काय? ग्राफिक्स कार्डे खेळांमुळे वाढली हे खरे. पण आज तेच काम करणारे चिप फार मोठ्या कामांना जुंपलेले आहेत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा 'परम सिद्धी-ए.आय.' हा महासंगणक अशाच चिपांच्या बळावर नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या ५०० वेगवान संगणकांच्या यादीत ६३ व्या क्रमांकावर आला. आपल्या शेजारच्या कारखान्यांत सुटे भाग आता आधी पडद्यावर त्रिमितीत उभे राहतात आणि मग यंत्रावर चढतात. १९९८ साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ मच्छेलाच आहे, आपल्या शाळेच्या उंबरठ्याशी. आमची मुले डिप्लोमाला, इंजिनिअरिंगला, चित्रपटांच्या ॲनिमेशनकडे जात आहेत. त्यांच्यासाठी हे कार्ड म्हणजे लेथवाल्याची टूल आहे.

आता मुद्द्याचे. शाळेच्या कक्षासाठी काय घ्यावे? आमचे मत असे आहे.

सगळ्या यंत्रांना वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मराठी-कन्नड टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, स्क्रॅच, साधी चित्रे, इंटरनेट यांना प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स पुरते. तिथे कार्डावर पैसा घालवणे म्हणजे निधीची नासाडी. त्रिमिती कामासाठी मात्र तीन-चार यंत्रे चांगल्या कार्डाची हवीत आणि ती डेस्कटॉपच असावीत.

कारणे तीन. पहिले, ती दिवसभर एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाणार, तापणार. तापल्यावरही दम टिकवायला डेस्कटॉपच बरा. दुसरे, डेस्कटॉपचे कार्ड खाचेत बसवलेले असते. बिघडले तर काढून दुसरे बसवता येते, पाच वर्षांनी नवे घालता येते. लॅपटॉपचे कार्ड बहुधा मुख्य पाटीवरच डाग देऊन पक्के केलेले असते. ते गेले की पुष्कळदा सगळे यंत्रच गेल्यासारखे. तिसरे, कक्षातल्या जुन्या डेस्कटॉपांपैकी जे धड आहेत त्यांनाही नवा जन्म देता येईल. संगणकाच्या खाचेतूनच ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. वर सांगितलेले ७० वॅटचे ३०५० बहुधा वेगळी वायर न जोडता तेवढ्यावर चालते. ते प्रथम दर्जाचे कार्ड नाही, पण शिकायला उत्तम. दुकानदाराला जुन्या यंत्राचा डबा आणि पॉवर सप्लाय दाखवून मगच घ्यावे.

विश्वस्तांच्या शंकाही आम्ही ऐकल्या आहेत. वीज गेली तर? यू.पी.एस. लावावा; काम जपून ठेवून यंत्र बंद करण्यापुरता वेळ त्यात नक्की मिळतो. लॅपटॉप बॅटरीवर चालतो हे खरे, पण त्यावर कार्डाचा वेग बराच उतरतो. मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही १०० वॅट-तासांच्या आतबाहेरच असते. ११५ वॅट खाणाऱ्या एकट्या कार्डालाच ती तासभर पुरणार नाही, म्हणून यंत्र स्वतःच हात आखडते. विजेचे बिल वाढेल? थोडे वाढेल. सगळे मिळून ३०० वॅट घेणारा संगणक तीन तास चालला तर जेमतेम एक युनिट होते. तीन-चार यंत्रांचा तो बोजा शाळेला झेपेल. धुळीचा प्रश्न मात्र खरा आहे. दर सत्रात एकदा डबे उघडून धूळ काढायचे काम आमच्यातले माजी विद्यार्थी अंगावर घेत आहेत, हे येथे लिहून देतो.

घरासाठी हेच उत्तर असेल असे नाही. ज्या मुलाला वसतिगृहात राहायचे आहे, रोज बसने बेळगावला जायचे आहे किंवा ज्या घरात टेबल मांडायला जागा नाही, त्याला लॅपटॉपच योग्य. पण तो घेताना पालकांनी दुकानात पाच गोष्टी विचाराव्यात. कार्डाचे पूर्ण नाव काय? या मॉडेलमध्ये त्याला जास्तीत जास्त किती वॅट मिळतात? मेमरी किती जीबी? चार्जर किती वॅटचा आहे? आणि यंत्र अर्धा तास जोरात चालवून दाखवाल का? वॅटचा आकडा दुकानदाराला ठाऊक नसेल तर एनव्हिडियाच्या कार्डासाठी त्याच यंत्रात कंट्रोल पॅनेल उघडून 'सिस्टिम इन्फर्मेशन' पाहावे. तिथे 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' असा आकडा बहुधा दिसतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पैसे आपले आहेत.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एकच सांगायचे आहे. काम रखडले की आधी स्वतःला दोष देऊ नका आणि यंत्रालाही देऊ नका. दोन यंत्रांवर तेच काम लावा, आकडे वहीत लिहा, मग बोला. आम्ही हे आधी केले असते तर एका गडाच्या पायऱ्या वाचल्या असत्या.

त्या मुलाची मूळ फाइल आम्ही जपून ठेवली आहे. सध्या तो दर शनिवारी शाळा सुटल्यावर कक्षातल्या डेस्कटॉपवर बसतो आणि काढलेले दगड एकेक करून परत लावतो. घरच्या लॅपटॉपवर तो आखणी करतो, शेवटचे चित्र इथे काढतो. यंत्र काय देऊ शकते हे कळल्यावर त्याने स्वतःच ही वाटणी केली. निधीचा निर्णय घेण्यापूर्वी विश्वस्त मंडळाने एखाद्या शनिवारी येऊन ते काम पाहावे, अशी आमची नम्र विनंती आहे.